बॉक्सवर न छापलेलं

गेल्या महिन्यात माझ्या बँकेच्या ॲपने कळवलं, की आपल्या उपकरणावर ही सेवा यापुढे मिळणार नाही. उपकरण म्हणजे रेडमी नोट ४. हा फोन भारतात आला जानेवारी २०१७ मध्ये. माझ्याकडे आला तो कुणाचा तरी वापरून झाल्यावर. काच शाबूत, स्पीकर खणखणीत, बॅटरी बदलून घेतल्यापासून चार्जिंगही दिवसभर पुरतं. फोन ठणठणीत आहे. फक्त त्यातलं अँड्रॉइड सातव्या आवृत्तीवर थांबलं आहे आणि बँकेला ते चालत नाही. बँकेचं म्हणणं चुकीचंही नाही. ज्या फोनला सुरक्षेची डागडुजी मिळणं बंद झालंय, त्यावरून पैशांचे व्यवहार करू नयेत हे मलाही कळतं. म्हणून मुकाट्याने नवा फोन बघायला दुकानात गेले आणि सवयीने विचारलं, "यात रेडिओ आहे का?" काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू आंतरदेशीय पत्रच मागितलं होतं. इअरफोनची पिन लागते का? नाही. मेमरी कार्ड? नाही. टीव्हीचा रिमोट म्हणून चालतो का? नाही. "मॅडम, एआय आहे ना!" तो म्हणाला.

एआय आहे. बरं.

मोबाइलची पहिली पंधरा वर्षं मी भराभर उलटते. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल फोन लावला. मग बरीच वर्षं आलेल्या फोनचेही पैसे पडायचे, म्हणून लोक मिस कॉलवर संसार चालवत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया ११०० आला. त्यातली टॉर्च शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. फोनच्या पोटात न सांगितलेलं असं काही नव्हतंच.

ते भरलं पुढच्या दशकात, साधारण २०११ ते २०२० मध्ये. आपल्याकडच्या बहुतेक घरांत पहिला स्मार्टफोन याच काळात शिरला, आणि बऱ्याच घरांत तो वापरलेलाच शिरला. मुलाने नवा घेतला की त्याचा जुना वडिलांकडे, वडिलांचा आत्याकडे, आत्याकडून कामाला येणाऱ्या मावशींकडे. जे असे घरातल्या घरात फिरले नाहीत ते पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला, मनीष मार्केटला पोचले. माझं शिक्षण तपकीर गल्लीत झालं. कंपन्या जाहिरातीत मेगापिक्सेल सांगायच्या. फोन खरंच काय काय करतो हे सांगायची ती गल्ली.

तिथला एक दुकानदार फोन हातात घेतला की किमतीचं बोलायच्या आधी नखाने मागचं झाकण उचकटायचा. बॅटरी काढून काउंटरच्या काचेवर आडवी ठेवायचा आणि बोटाने गिरकी द्यायचा. बॅटरी भिंगरीसारखी फिरली तर पोट फुगलेलं, जागच्या जागी अडली तर चांगली. मग बॅटरीखालच्या खाचेत एक इवलासा पांढरा स्टिकर दाखवायचा. तो गुलाबी-लाल झाला असेल तर फोन पाणी पिऊन आलाय, मालक काहीही शपथा घेवो. मग सॅमसंगचा पीस असेल तर डायलवर *#०*# दाबायचा. पडद्यावर चौकटी उघडायच्या. एका चौकटीत पडदा आख्खा लाल, एकीत हिरवा, एकीत निळा. डाग असेल तर तिथे लपूच शकत नाही. 'टच'च्या चौकटीत बोट कडेकडेने फिरवायचं. फोल्डर, म्हणजे काचेसकट पडदा, बदललेला आणि लोकल असेल तर कोपऱ्यात हटकून अडतो. व्हायब्रेशन, स्पीकर, सेन्सर, पुढचा कॅमेरा, सगळं ओळीने. "मॅडम, आधी स्टार हॅश झिरो स्टार हॅश दाबायचं, मग भाव करायचा," हे त्याचं वाक्य. नवीन फोन घेणाऱ्याला हा कोड कुणी सांगत नाही, कारण त्याला गरज नसते. ज्याला फसवलं जाऊ शकतं त्यालाच तो लागतो. फोन खऱ्या अर्थाने कोणी वाचला असेल तर सेकंड हँड घेणाऱ्याने, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रेडिओ. फोनमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ सांभाळणारी जी चिप असते, तिच्यातच कित्येकदा एफएमचा रिसीव्हर असायचा. कंपनीने मनावर घेतलं तर ॲप द्यायची, नाही तर तो पोटात तसाच झोपून राहायचा. अँटेना म्हणून इअरफोनची वायर. शंभर मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटर, तिचा पाव भाग पाऊण मीटर. एवढी वायर आपल्या गळ्यात आयती लोंबत असे. म्हणून इअरफोन लावल्याशिवाय रेडिओ लागत नसे, आणि पुष्कळांना वाटे की रेडिओ बिघडला आहे. इअरफोन लावून आवाज मात्र स्पीकरवर घेता येतो, हे आमच्याकडे पहिल्यांदा शोधलं ते सासूबाईंनी. त्या ॲपमध्ये रेकॉर्डिंगचं लाल बटणही असायचं. त्यांनी त्यावर आकाशवाणीची कीर्तनं साठवली होती, आणि घरातल्या इंजिनिअर मंडळींना ते बटण दिसलंही नव्हतं.

रेडिओला डेटा लागत नाही, सिम लागत नाही, मोबाइलचा टॉवर लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पाण्याने वेढा घातला, तेव्हा वीज आणि नेटवर्क गेल्यावर फोन किती निरुपयोगी होतो हे पुष्कळांनी अनुभवलं. अशा वेळी ऐकू येऊ शकेल अशी एकमेव गोष्ट आपण फोनमधून काढू दिली. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने कंपन्यांना सांगितलं, की आपत्तीच्या वेळी उपयोगी पडतो, तेव्हा फोनमधला एफएम बंद करू नका. ती सूचना होती, सक्ती नव्हती. तिचं काय झालं ते दुकानातल्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसलंच.

रेडिओ गेला तो इअरफोनच्या भोकाबरोबर, आणि या भोकाचा हिशेब मला एकदा चुकता करायचा आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ते काढलं आणि व्यासपीठावरून या कृतीला धैर्य म्हटलं. गूगलने त्याच वर्षी आपल्या पिक्सेलच्या जाहिरातीत या भोकावरून टोमणा मारला आणि पुढच्याच वर्षी पिक्सेल २ मधून ते बुजवून टाकलं. सॅमसंग तीन वर्षं हसत राहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये नोट १० आला तो भोकाविना. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ च्या बॉक्समधून चार्जर गेला, तेव्हा पुन्हा हीच सॅमसंग चेष्टा करत होती. जानेवारी २०२१ च्या गॅलॅक्सी एस २१ मध्ये चार्जरही नव्हता आणि मेमरी कार्डची जागाही नव्हती. दरवेळी आधी हसायचं, मग तेच करायचं. चाळीस-पन्नास रुपयांचा ३.५ मिलिमीटर पिनवाला इअरफोन स्वारगेटच्या फुटपाथवर मिळायचा. त्याच्या जागी आता कानात घालायच्या दोन बिनतारी बिया घ्यायच्या, त्यांना वेगळं चार्ज करायचं आणि एक सीटखाली गेली की दुसरी घेऊन हळहळत बसायचं.

परीक्षणं लिहिणाऱ्यांवरही माझा राग आहे. २०१४ चा गॅलॅक्सी एस ५ आठवून पाहा. झाकण निघायचं, बॅटरी बदलता यायची, कार्ड बसायचं, टीव्हीचा रिमोट व्हायचा आणि हे सगळं असून तो पाण्यालाही पुरून उरायचा. या मंडळींना त्यात दिसलं काय, तर मागचं झाकण प्लास्टिकचं आहे. वर्षभर नाकं मुरडली. २०१५ च्या एस ६ मध्ये त्यांना काच आणि धातू मिळाला, बॅटरी आत चिकटवून टाकली गेली आणि कार्डाची जागा गेली. वॉटरप्रूफ करायचं तर बॅटरी बंदिस्त करावीच लागते, असं सांगणारा आजही भेटतो. त्याला हा एस ५ दाखवावा. युरोपने आता नियम केला आहे, की फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. टिकाऊपणाच्या काही अटी पाळणाऱ्या फोनांना त्यातूनही सूट आहेच. जे आपल्याकडे टेबलावर गिरकी घेत होतं, ते परत आणायला कायदा लागावा!

रिमोटचं सुख ज्यांनी भोगलं नाही त्यांना ते सांगून कळणार नाही. माझ्या रेडमी नोट ४ च्या वरच्या कडेला एक काळा ठिपका आहे. त्यातून टीव्हीच्या रिमोटसारखाच, डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बाहेर पडतो. दवाखान्याच्या वेटिंग रूममधल्या टीव्हीवर कुणी तरी ओरडत असतं, रिमोट रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद. आपण खिशातून फोन काढायचा, कंपनी निवडायची आणि आवाज दोन घरं खाली आणायचा. कुणाला पत्ता लागत नाही. याचीच उलटी एक युक्ती मात्र ठिपका नसलेल्या फोनलाही जमते: घरातला रिमोट चालेनासा झाला, की फोनचा पुढचा कॅमेरा उघडून रिमोट त्याच्याकडे रोखावा आणि बटण दाबावं. पडद्यावर जांभळट दिवा लुकलुकला तर रिमोट ठीक, नाही लुकलुकला तर आधी सेल बदला. सेट टॉप बॉक्सवाल्याला बोलावण्याचे पैसे वाचतात.

आणखी एक सांगते, कारण याने माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांचे फोटो परत मिळाले आहेत. फोन पडला, चित्र दिसतंय पण टच मेला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, पडदा बदला, डेटाची गॅरंटी नाही. अशा वेळी ओटीजीची बारकी वायर घ्यायची, तिला संगणकाचा साधा माऊस जोडायचा आणि फोनला लावायचा. पडद्यावर चक्क बाण येतो. त्या बाणाने पॅटर्न काढायचा, फोटो हलवायचे, मग पडद्याचं काय ते बघायचं. हे आजच्या बहुतेक अँड्रॉइड फोनवरही चालतं, फक्त सांगणारा राहिला नाही.

सांगणारे गेले कुठे? माझ्या मते ते सप्टेंबर २०१६ नंतर ओसरले. त्या महिन्यात जिओ आलं, डेटा आधी फुकट आणि मग स्वस्त झाला, आणि नेटशिवाय चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीची किंमत शून्य झाली. त्याआधी एसटी स्टँडसमोरच्या प्रत्येक मोबाइल दुकानावर 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी असायची. दुकानदार आपलं कार्ड काढून संगणकात घालायचा, विचारायचा, "लावणी, भक्तिगीतं, का डीजे?" आणि वीस-तीस रुपयांत दोन महिन्यांची सोय करून द्यायचा. कॉपीराइटच्या नावाने सगळा आनंदच होता, ते सोडून द्या. पण गाणी भरून होईपर्यंत जी दहा मिनिटं काउंटरला टेकून काढायची, त्यात शेजारचं गिऱ्हाईक आणि दुकानदार आपल्याला फोन शिकवायचे. लहान मुलाच्या हातात फोन देताना स्क्रीन पिन करून ठेवायची, म्हणजे कार्टून सोडून दुसरीकडे जाता येत नाही, हे मला तिथेच कळलं. बारीक अक्षर वाचायला तीनदा टिचकी मारून पडदा मोठा करता येतो, हेही. पाट्या उतरल्या, आणि ही शाळाही बंद पडली.

२०२० नंतरचं फारसं सांगण्यासारखं नाही. फोन एकमेकांसारखे झाले, कॅमेऱ्यांची संख्या वाढली, भोकं कमी झाली. पूर्वी फोन मरायचा तो पडून, भिजून, नाही तर चार्जिंगची पट्टी जाऊन, आणि त्यावर गल्लीत उपाय होता. आता तो धडधाकट असताना आवृत्तीने मरतो. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड किटकॅटवरचं व्हॉट्सॲप बंद झालं; त्या दिवशी कितीतरी चालते फोन घरोघरच्या ड्रॉवरमध्ये गेले. यावर गल्लीतला कुणी 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणत नाही.

माझा नोट ४ मी ड्रॉवरमध्ये टाकलेला नाही. सिम आणि बँक काढून घेतली; स्वयंपाकघरात तो रेडिओ लावतो आणि एसीचा रिमोट हरवला की कामाला येतो. तुमच्याकडेही असा एखादा असेलच. तो कुणाला देणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन आधी गूगल खातं काढा आणि मगच रीसेट करा. २०१५ च्या अँड्रॉइड ५.१ पासून नुसती बटणं दाबून रीसेट केलेला फोन पुढच्या माणसाकडे तुमचा पासवर्ड मागत बसतो, आणि चांगला फोन विटेच्या भावाने जातो. आणि घेणार असाल, तर *#०६# दाबून पंधरा आकडी आयएमईआय नंबर घ्या, इंग्रजीत 'केवायएम' लिहून एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला फोन असेल तर तिथे कळतं. पैसे त्यानंतर द्या.