हयात बख्श बाग : लाल किल्ल्यातील पाण्याचा इतिहास

दिल्लीच्या लाल किल्ल्यात दिवाण-ए-खास पाहून झाला की बहुतेक सहली परत फिरतात. त्याच्या उत्तरेला मोती मशिदीपलीकडे शाही महालाची बाग आहे. तिचे नाव हयात बख्श, म्हणजे जीवन देणारी. शाहजहानने 1639 मध्ये किल्ल्याचा पाया घातला आणि 1648 मध्ये त्यात प्रवेश केला. ही बाग त्याच मूळ आराखड्यातली आहे.

या बागेचा इतिहास हा प्रत्यक्षात पाण्याचा इतिहास आहे. यमुना तटाखालून वाहत असली तरी तिचे पात्र खोल, आणि महाल उंचावर. म्हणून पाणी वरच्या अंगाने, दूरवरून आणावे लागले. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने खणलेला आणि नंतर गाळाने बुजलेला कालवा शाहजहानच्या काळात दुरुस्त करून दिल्लीपर्यंत वाढवण्यात आला. लोकांच्या तोंडी तो अली मर्दान खानाची नहर म्हणून राहिला. ईशान्येच्या शाह बुर्जाशी हे पाणी महालात येई आणि ‘नहर-ए-बहिश्त’ या नावाने हमाम, दिवाण-ए-खास, रंगमहाल अशा दालनांमधून वाहत जाई.

बागेची मांडणी चारबाग पद्धतीची. मध्यभागी मोठा हौद, चार दिशांना चार पाट. जुन्या वर्णनांत हौदात चांदीची 49 आणि काठावर 112 कारंजी असल्याचे सांगितले आहे. आज त्यांतले एकही नाही. दोन टोकांना संगमरवरी मंडप समोरासमोर उभे आहेत. त्यांच्या भिंतीत ओळीने कोनाडे आहेत. दिवसा तेथे फुलदाण्या ठेवत, रात्री दिवे लावत, आणि त्यांच्यासमोरून पाण्याचा पडदा कोसळे. पावसाळी रात्रीचा भास निर्माण करणाऱ्या या मंडपांची नावे सावन आणि भादों, म्हणजे आपले श्रावण-भाद्रपद. दरबाराची भाषा फारसी, बागेची मांडणी इराणी, पण पावसाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा येथलेच महिने आठवले. मोगल बाग ही परकी कलाकृती म्हणून शिकवताना या दोन नावांपाशी तरी थांबायला हवे. शिवाय बाग, हौद, नहर हे शब्द मराठीलाही परके नाहीत. मलिक अंबरची नहर औरंगाबादकरांना ठाऊक आहेच.

अठराव्या शतकात महालाची दैना झाली. 1739 मध्ये नादिरशाहने दिल्ली लुटली. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवले. 1788 मध्ये गुलाम कादिरने शाह आलमचे डोळे काढले, त्यानंतर महादजी शिंद्यांनी बादशहाला पुन्हा तख्तावर बसवले. ग्वाल्हेरचा या किल्ल्याशी असलेला संबंध 1803 पर्यंत, म्हणजे इंग्रजांनी दिल्ली घेईपर्यंत टिकला. या धामधुमीत कालवा पुन्हा बुजला. इंग्रजांनी तो 1820 मध्ये मोकळा केला आणि दिल्लीत पाणी परतले.

शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर याने 1842 मध्ये मधल्या हौदात लाल दगडाचा जफर महाल बांधला. खरे तर त्याने मोकळ्या पाण्याची मूळ रचना झाकली जाते. सावन-भादोंच्या नाजूक संगमरवरापुढे ही इमारत साधीच वाटते. पण राज्य किल्ल्याच्या भिंतींपुरते उरलेल्या बादशहाला बांधायला जागा तरी दुसरी कोणती होती? सर सय्यद अहमद खान यांचा ‘आसारुस्सनादीद’ हा ग्रंथ 1847 मध्ये निघाला, तेव्हा हा महाल राबता होता. दहाच वर्षांनी चित्र पालटले.

1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी किल्ल्यातील बहुतेक निवासी इमारती पाडून लष्करी बराकी उभारल्या. पश्चिमेची महताब बाग नाहीशी झाली. हयात बख्शचाही काही भाग बराकींखाली गेला. जफरला रंगूनला धाडण्यात आले, तेथेच तो 1862 मध्ये वारला. विसाव्या शतकाच्या आरंभी पुरातत्त्व खात्याने मातीखालचे पाट व हौद उकरून बाग पुन्हा आखली. मात्र तेव्हा लावलेली सपाट हिरवळ ही इंग्रजी आवडीची आहे. ती पाहून मूळ बागेची कल्पना करणे फसवे ठरते.

भारतीय सैन्याने डिसेंबर 2003 मध्ये किल्ला सोडला आणि 2007 मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. बागेलगतच्या दगडी बराकी मात्र अजून उभ्या आहेत. 2019 मध्ये किल्ल्यातील अशाच काही बराकींत संग्रहालये उघडली गेली.