विटा, पत्रे आणि ट्यूबलाइट

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांसाठी पोलादाची प्रचंड नळकांडी गेली अनेक दशके घडत आहेत. शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंब परिसरात वसविलेल्या या गावाने आधी साखर केली, मग साखर कारखान्यांची यंत्रे केली आणि पुढे अवकाशाकडे नजर वळविली. तिकडे बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतून पियाजिओच्या तीनचाकी गाड्या आणि फेरेरोची चॉकलेटे देशभर जातात. दंडगोल, चौकोन, चकती, गोळा हे भूमितीचे सारे आकार येथे रोज ट्रकांत भरले जातात. त्यांना कला म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. मात्र साठ वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधील काही कलावंतांनी नेमका असाच कारखानी माल उचलून कलादालनात ठेवला. तेव्हापासून, व्यापारी माणसाला सहज सुचणारा एक प्रश्न कलाजगतात पुनःपुन्हा विचारला जात आहे : पैसे नेमके कशाचे मोजायचे?

डोनाल्ड जड यांनी १९६४ च्या सुमारास आपल्या पेट्या स्वतःच्या हाताने करणे सोडले. ते मापे काढून बर्नस्टीन ब्रदर्स या पत्रेकाम करणाऱ्या कारखान्याकडे देत आणि तेथील कारागीर गॅल्व्हनाइज्ड पत्रा कापून, वाकवून पेटी तयार करीत. हात न लावता केलेली ही कला अनेकांना फसवणूक वाटली. पण ज्याने दुकानाची मांडणी किंवा धान्याची कोठी कधी पत्रेवाल्याकडून करवून घेतली आहे, तो अचूक माप देण्याला कमी लेखणार नाही. खटकते ते वेगळेच. नाव जडांचे राहिले. कडेला कड जुळविणारा कारागीर संग्रहालयाच्या पाटीवर सहसा आला नाही.

कार्ल आंद्रे यांची कथा तर थेट पेढीवरच सांगावी अशी आहे. १९६६ साली त्यांनी जमिनीवर विटांच्या आठ रचना मांडल्या. प्रत्येकीत विटा १२०, आकार मात्र निरनिराळे; म्हणून नाव ‘समतुल्य’. आठव्या रचनेत सहा बाय दहा विटांचा एक थर आणि त्यावर तसाच दुसरा. ना चुना, ना सिमेंट. माल खपला नाही, तेव्हा आंद्रे यांनी विटा परत करून पैसे परत घेतले. पुढे १९७२ साली लंडनच्या टेट गॅलरीने ती आठवी रचना मागितली, तोवर मूळ वीटकारखाना बंद पडला होता! भट्टीच्या अस्तराला वापरतात तशा दुसऱ्या विटा आणून मांडणी पुन्हा करण्यात आली. १९७६ मध्ये जनतेच्या पैशाने विटा घेतल्याबद्दल ब्रिटिश वृत्तपत्रांनी रान उठविले आणि एका प्रेक्षकाने त्या विटांवर निळा रंग फेकला. माल बदलला, तरी कलाकृती तीच राहिली. म्हणजे गॅलरीने विकत घेतली ती मांडणी.

जैन घरांना ही कल्पना वाटते तेवढी परकी नाही. जिनमंदिरात पाटावर अक्षतांनी स्वस्तिक काढतात, त्यावर रत्नत्रयाचे तीन पुंज आणि सर्वांत वर सिद्धशिलेची चंद्रकोर. तांदूळ दुकानातलेच. उद्या ते उचलले जातात, दुसरे येतात; आकृती तीच राहते. तिला गिऱ्हाईक नसते आणि तिच्याखाली कोणाची सहीही नसते.

महाराष्ट्रात प्रभाकर बरवे यांनी दारे-खिडक्या रंगविण्याच्या एनॅमलने कॅनव्हासवर जे केले, त्याची जात वेगळी. हार्डवेअरच्या दुकानात डब्यांनी मिळणारा हा रंग त्यांच्या चित्रांत स्वप्नासारखा सपाट, शांत होऊन येतो. येथे रंग बाजारचा असला तरी हात बरव्यांचाच आहे, आणि तो दिसतो. बाजारावरच बोट ठेवले ते इतरांनी. अमेरिकेत पीटर हॅली यांनी १९८० च्या दशकात भडक चमकत्या रंगांत, भिंतीला खरबरीतपणा देणारे मिश्रण घालून चौकोन रंगविले. ते कोठड्यांचे चौकोन होते, नळ्यांनी एकमेकांना जोडलेले. शुद्ध वाटणारी भूमिती प्रत्यक्षात आपल्या फ्लॅटची आणि कचेरीची भूमिती आहे, असे त्यांचे म्हणणे. मुंबईच्या शर्मिला सामंत यांनी कोकाकोलाच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे एकमेकांत गुंतवून चक्क साडी केली. घोटभर पेयासाठी उघडून फेकलेले बूच पदरावर आले. कापडाच्या व्यापारात पिढ्या घालविलेल्या घरांनी तर ही साडी अवश्य पाहावी. ती जड असेल, टोचेलही. पण तिच्यात वीण आहे.

राहिले डॅन फ्लॅविन. त्यांनी १९६३ पासून विजेच्या दुकानात मिळणाऱ्या ठरावीक लांबीच्या ट्यूबलाइट भिंतीवर तिरप्या, उभ्या लावल्या आणि खोलीभर प्रकाशाची भूमिती मांडली. घेणाऱ्याला ते प्रमाणपत्र देत. ट्यूब गेली की नवी लावायची. तेव्हा ही सोय वाटली. आता बाजार एलईडीचा आहे. युरोपीय संघात २०२३ पासून बहुतेक साध्या ट्यूब नव्याने बाजारात आणता येत नाहीत. बारामतीच्या एखाद्या विजेच्या दुकानात माळ्यावर धूळ खात पडलेला ट्यूबचा खोका मालकाला अडचण वाटतो. तशाच खोक्यांची जमवाजमव करून ठेवण्याची वेळ आता संग्रहालयांवर आली आहे.