साठ दिवसांची बंदी आणि दुकानदाराचा परवाना

पिकावर कीड दिसली की आपण तालुक्याच्या गावी जातो आणि दुकानदाराला म्हणतो, ‘जरा जालीम औषध द्या.’ तो देईल ती बाटली घेऊन आपण परततो. एखाद्या दिवशी तोच दुकानदार सांगतो, ‘हे औषध सरकारने बंद केले आहे.’ दोन महिन्यांनी जावे तर तीच बाटली पुन्हा फळीवर दिसते. मग शेतकरी म्हणतो, यांचे नियम म्हणजे सकाळी एक आणि संध्याकाळी एक! वाचकहो, या तातडीच्या बंदीमागे एक कायदा आहे. तो समजून घेतला तर आपल्याच घरातला एखादा जीव वाचू शकतो. म्हणून या वेळी आम्ही तोच विषय घेतला आहे.

कायदा कशामुळे झाला

१९५८ साली मुंबईहून जहाजाने केरळला गेलेल्या धान्याच्या पिठात आणि साखरेत फॉलिडॉल नावाचे कीटकनाशक सांडले. ते अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याची चौकशी झाली आणि पुढे संसदेने कीटकनाशके कायदा, १९६८ मंजूर केला. त्याखालचे नियम १९७१ साली आले. औषधाची नोंदणी केंद्राकडे आणि ते विकण्याचा परवाना राज्याच्या कृषी खात्याकडे, अशी वाटणी या कायद्याने केली. एखादे औषध देशातून कायमचे हद्दपार करणे हे केंद्राचे काम आहे. राज्य सरकारला तसे करता येत नाही. राज्याच्या हाती आहे ती फक्त तातडीची, मुदतीची बंदी.

कलम २७ काय सांगते

एखाद्या औषधामुळे माणसांना किंवा जनावरांना धोका आहे आणि ताबडतोब काही केले पाहिजे असे सरकारचे मत झाले, तर राजपत्रात सूचना काढून त्या औषधाची विक्री, वाटप किंवा वापर थांबवता येतो. ही बंदी जास्तीत जास्त ६० दिवसांची असते. त्या अवधीत चौकशी व्हावी अशी अपेक्षा आहे. चौकशी संपली नाही तर मुदत आणखी वाढवता येते, पण सगळी मिळून ३० दिवसांपेक्षा जास्त नाही. बंदी सबंध औषधावर घालता येते, तशी त्याच्या एखाद्या बॅचवरही घालता येते.

तेव्हा ध्यानात ठेवण्याची पहिली गोष्ट ही की, बाटली पुन्हा फळीवर आली म्हणजे ती निर्धोक ठरली असे नव्हे. कित्येकदा त्याचा अर्थ मुदत संपली एवढाच असतो.

यवतमाळला काय घडले

२०१७ च्या पावसाळ्यात विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारणारी माणसे आजारी पडू लागली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीची झाली होती, त्यामुळे फवारा तोंडावर आणि छातीवर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याची रीत होती. हातमोजे, तोंडाला फडके क्वचितच. शेकडो लोक इस्पितळात गेले आणि वीसहून अधिक दगावले. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूर पुष्कळ होते.

राज्य सरकारने मग अमरावती विभागातील यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी घातली. त्यात मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि दोन मिश्र औषधे होती. पण ही बंदी आली तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. इस्पितळात रुग्ण तर पावसाळ्यापासून येत होते. मोनोक्रोटोफॉसची नोंदणी रद्द करण्याचा केंद्राचा आदेश निघाला तो २०२३ साली, म्हणजे सहा वर्षांनी.

उशीर का होतो? सरकारचा तातडीचा हात खबर मिळाल्याशिवाय हलत नाही. म्हणूनच या कायद्यात कलम २६ आहे. विषबाधेची प्रत्येक घटना ठरावीक अधिकाऱ्याला कळवावी असे बंधन राज्य सरकार त्याखाली घालू शकते. परंतु फवारणी करून आलेला माणूस चक्कर आली म्हणून घरीच पडून राहिला, लिंबूपाणी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीला लावून गेला, तर त्याची नोंद कोणत्या वहीत होणार? दहा गावांत अशी दहा-दहा माणसे घरीच पडून राहिली, तर कचेरीत सारे काही ठीकच दिसते.

हद्दीचा प्रश्न

सीमाभागातील मंडळींनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. कायदा साऱ्या देशाला एकच आहे, पण राज्याने काढलेली तातडीची बंदी त्या सूचनेत नमूद केलेल्या भागापुरतीच असते. महाराष्ट्राने चंदगड तालुक्यात बंदी घातली म्हणून ती बेळगावच्या किंवा खानापूरच्या दुकानाला लागू होत नाही. तिथे कर्नाटकाची सूचना लागते, आणि गोव्यात गोव्याची. अशा वेळी कोणी म्हणेल, हद्द ओलांडून बाटली आणू. स्वतःच्या कसणुकीच्या जमिनीवर औषध वापरणाऱ्याला या कायद्याने सूटही दिली आहे, कारण त्याचा मुख्य रोख औषध बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. पण कायदा सूट देतो, विष देत नाही. शेजारच्या राज्यात माणसे आजारी पडली म्हणून जे बंद झाले, ते आपल्या रानात आणण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

परवाना कोणाला मिळतो

कीटकनाशक विकायला परवाना लागतो आणि तो दुकानात गिऱ्हाइकाला दिसेल असा लावावा लागतो. पूर्वी हा परवाना घेणाऱ्याला शिक्षणाची अट नव्हती. ज्याच्याकडे भांडवल तो दुकानदार, आणि तोच शेतकऱ्याचा सल्लागार! २०१५ साली केंद्राने नियम बदलला आणि विक्रेत्याला कृषी, रसायन, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र अशा विषयांतील पदवीची अट घातली. जुन्या दुकानदारांची त्यामुळे धांदल उडाली. त्यांना मुदत दिली गेली, ती वाढवली गेली, आणि पुढे त्यांच्यासाठी अभ्यासक्रमांची वाट मोकळी झाली. हैदराबादची ‘मॅनेज’ ही संस्था २००३ पासून निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाची पदविका चालवते. आठवड्यातून एक दिवस वर्ग, त्यामुळे दुकान बंद ठेवावे लागत नाही.

नियम मोडणाऱ्याचा परवाना, त्याचे म्हणणे ऐकून घेऊन, तहकूब किंवा रद्द करता येतो. पण त्यासाठीही कोणीतरी तक्रार करावी लागते, आणि तक्रारीला पुरावा लागतो.

आपण काय करावे

१. परवाना दिसत नसेल त्या दुकानातून औषध घेऊ नये.

२. पक्के बिल मागावे. त्यावर औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख पाहावी. बंदी एखाद्या बॅचवर आली तर आपली बाटली त्यातली आहे की नाही हे त्यावरूनच कळते. ‘बिल नको, दोन पैसे कमी लावा’ हा सौदा महागात पडतो.

३. लेबलावरचा रंग पाहावा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. दुकानदार सांगतो म्हणून दोन औषधे मिसळू नयेत.

४. मजुराला फवारायला लावताना हातमोजे, तोंडाला फडके, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि धुवायला साबण-पाणी मालकाने द्यावे. वाऱ्याच्या उलट दिशेने किंवा भर उन्हात फवारू नये.

५. मळमळ, घाम, अंधारी, डोळ्यांची आग असे काही वाटल्यास फवारणी थांबवावी, कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि थेट इस्पितळात जावे. बाटली किंवा तिचे लेबल बरोबर न्यावे, कारण उताऱ्याचे नाव त्यावर छापलेले असते आणि डॉक्टरांचा वेळ वाचतो.

६. केसपेपरवर ‘फवारणीमुळे विषबाधा’ अशी नोंद झाली आहे ना, हे विचारून घ्यावे. नंतर कृषी खात्याला लेखी कळवावे. कर्नाटकात रयत संपर्क केंद्र, गोव्यात विभागीय कृषी कार्यालय आणि महाराष्ट्रात तालुका कृषी अधिकारी यांच्याकडे जावे. अर्जाची पोच घ्यावी.

यातले शेवटचे काम कंटाळवाणे आहे हे आम्ही जाणतो. माणूस बरा होऊन घरी आला की कचेरीच्या पायऱ्या कोण चढणार? पण पुढची साठ दिवसांची बंदी वेळेवर येणार की दिवाळीनंतर, हे अशाच अर्जांवर ठरते. आपल्या घरचा माणूस वाचला असेल, तर शेजारच्या गावचा मजूर वाचावा म्हणून तेवढा एक अर्ज जरूर द्यावा.