पिळाचा वेग आणि मऊ शिसे

मध्य रेल्वेचे तेव्हाचे तिकीट तपासनीस स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकले. त्यांची 5.6 मिलिमीटरची गोळी शिशाची, सुमारे अडीच ग्रॅमची. शुद्ध शिसे इतके मऊ, की नखाने ओरखडा उठतो!

रायफलच्या नळीत पिळदार खाचा असतात. जाळीने भोवरा फिरावा तशी गोळी त्यांच्यामुळे गरगरते आणि सरळ जाते. या रायफलचा पीळ संथ: साधारण 16 इंचांत एक वेढा, सेकंदाला आठशेच्या आसपास फेरे. अनेक लष्करी रायफलींत मात्र 7 इंचांतच वेढा पूर्ण होतो आणि गोळीचा वेग तिप्पट-चौपट नसला तरी अडीचपटीहून जास्त. फेरे पाच हजारांवर!

अशा नळीत साच्यात ओतलेली शिशाची गोळी पूर्ण वेगाने सोडली, तर ती खाचांची पकड सोडून घसरते. शिसे नळीला चिकटते, नेम बिघडतो. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून ते कठीण करता येते. पण माझ्या मते खरा उपाय वेग कमी ठेवण्याचाच. लष्करी गोळीला मात्र वेग हवाच; तिच्या शिशाभोवती तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असते, ते शिसे असे घसरू नये यासाठी.