बोटांना पाठ झालेला पडदा

मार्चअखेरीस करसल्लागाराच्या कार्यालयात डोकावून पाहावं. हिशेबनिसाची नजर बिलांच्या गठ्ठ्यावर असते आणि बोटं कीबोर्डवर. एफ-5 ला पेमेंट, एफ-6 ला रिसीट, एफ-8 ला विक्री, एफ-9 ला खरेदी. खात्याच्या नावाची दोन-तीन अक्षरं, एंटर, रक्कम, एंटर, तपशील, मग कंट्रोल-ए. मध्येच नवा पुरवठादार निघाला, तर व्हाउचर न सोडता ऑल्ट-सी दाबून तिथल्या तिथे त्याचं खातं उघडायचं. माऊस शेजारी असतो, पण त्याला हात लागत नाही.

हा पडदा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा. टॅलीचा पाया 1986 साली श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे पुत्र भरत यांनी घातला. डॉस मागे पडलं, विंडोज आलं, 2020 साली टॅलीप्राइम आलं. पडद्याचं रूप पालटलं, पण व्हाउचरच्या या कळा जागच्या हलल्या नाहीत. जुनी प्रणाली नवी करायला निघालेल्या प्रत्येकाने आधी हे उदाहरण अभ्यासायला हवं.

कळांवर चालणाऱ्या पडद्यांची परंपरा टॅलीच्याही आधीची. आयबीएमने 1971 साली 3270 मालिकेची टर्मिनलं आणली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, 80 अक्षरांच्या 24 ओळी. हा 80चा आकडा छिद्रित कार्डांवरच्या 80 रकान्यांतून आलेला. रकाने भरले जात असताना मुख्य संगणकाला त्याची खबरही नसे, एंटर दाबल्यावर सगळा मजकूर एकदम जाई. त्यामुळेच एका संगणकावर ढीगभर टर्मिनलं चालत. बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांचा कारभार अशाच पडद्यांवर उभा राहिला. अमेडियस ही आरक्षण-प्रणाली वापरणारा मुरलेला तिकीट एजंट आजही ‘एएन’, तारीख आणि दोन शहरांची अक्षरं एका ओळीत लिहितो, की उड्डाणांची यादी समोर हजर.

हा वेग म्हणजे केवळ सवयीचं कौतुक नव्हे. आयबीएमच्याच वॉल्टर डोहर्टी आणि अर्विंद थडानी यांनी 1982 साली दाखवून दिलं, की संगणकाचं उत्तर अर्ध्या सेकंदाच्या आत आलं तर माणसाचं काम झपाट्याने वाढतं, कारण त्याच्या विचाराचा धागा तुटत नाही. प्रत्येक टिचकीला गोल फिरणारं चक्र दाखवणारा देखणा पडदा नेमका हाच धागा तोडतो.

तरीही जुनं ते सगळं सोनं म्हणता येणार नाही. संक्षिप्त आज्ञा पाठ करण्यात नवख्याचे महिने जातात. शिवाय त्या पडद्यांना देवनागरी येत नव्हती. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड संगणकात बसवावं, तेव्हा कुठे डॉसच्या साध्या पडद्यावर मराठी अक्षर उमटे. आज मराठीत पावती छापणं सोपं झालं, ते नव्या तंत्रामुळेच.

मात्र खिडक्या आणि चौकटी आल्या म्हणजे चुका टळतात, हा भ्रम आहे. ऑगस्ट 2020 मध्ये सिटीबँकेला रेव्हलॉन कंपनीच्या धनकोंना सुमारे 78 लाख डॉलरचं व्याज द्यायचं होतं. गेले जवळपास 90 कोटी, कारण व्याजासोबत मुद्दलही निघून गेलं. वापरात होतं फ्लेक्सक्यूब, मुंबईच्या आय-फ्लेक्सने घडवलेलं आणि पुढे ओरॅकलकडे गेलेलं सॉफ्टवेअर. मुद्दल बँकेच्या अंतर्गत खात्यात थांबवायला तीन चौकटींत खुणा लागत, केली गेली एकाच चौकटीत. तिघांनी व्यवहार तपासला, तिघांनाही तो बरोबर वाटला. सुमारे 50 कोटी डॉलर परत मिळवण्यासाठी बँकेला कोर्टात जावं लागलं. 2021 मध्ये निकाल विरोधात गेला, 2022 मध्ये अपिलात फिरला. पैसे नेमके कुठे निघाले आहेत हे पडद्याने सरळ भाषेत सांगितलं असतं, तर एवढं रामायण घडलं नसतं.

म्हणून नवी प्रणाली घेणाऱ्या पतसंस्थांना, सहकारी बँकांना आणि कारखान्यांना कळकळीची विनंती: दिवसभर नोंदी करणाऱ्या माणसाला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या, आणि कोणत्या कळा जशाच्या तशा राहतील याची यादी करारातच लिहून घ्या.