एकाक्षरी ‘ख’

शब्दांच्या भेंड्या खेळताना ‘ख’ हे अक्षर वाट्याला आले की मुले खडू, खण, खारीक, खिडकी असे शब्द भराभर सांगतात. ते संपले म्हणजे खेळ अडतो. परंतु ‘ख’ हे नुसते अक्षर नसून स्वतःच एक पूर्ण शब्द आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. संस्कृतात ‘ख’ म्हणजे आकाश.

हा शब्द अतिशय प्राचीन आहे. ऋग्वेदात ‘ख’ म्हणजे छिद्र किंवा पोकळी. रथाच्या चाकात आस बसविण्यासाठी मधोमध जे भोक असते, त्यालाही ‘ख’ म्हणत. ‘खन्’ म्हणजे खणणे, या धातूशी त्याचे नाते सांगतात. मराठीतील ‘खणणे’ व ‘खाण’ हे शब्दही त्याच धातूचे. कठोपनिषदात डोळे, कान इत्यादी इंद्रियांच्या द्वारांसाठी हाच शब्द योजलेला आहे. आकाश ही तर सर्वांत मोठी पोकळी. म्हणून चाकाच्या भोकाचे नाव पुढे आकाशालाही मिळाले.

या एका अक्षराचा परिवार मोठा आहे. आकाशात गमन करणारा तो खग, म्हणजे पक्षी. आकाशाचा गोल तो खगोल. आकाशात संचार करणारा तो खेचर आणि आकाशात चमकणारा तो खद्योत, म्हणजे काजवा. आकाशात फूल उमलत नाही. म्हणून जी वस्तू मुळातच नाही, तिला खपुष्प म्हणतात.

पोकळीत काहीच नसते. म्हणून गणितज्ञांनी ‘ख’ हा शब्द शून्यासाठी वापरला. पूर्वी गणिताचे ग्रंथ पद्यात रचीत व विद्यार्थी ते मुखोद्गत करीत. पद्यात आकडे बसविणे कठीण; तेव्हा आकड्यांऐवजी शब्द घेत. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, अग्नी म्हणजे तीन, मदनाचे बाण पाच, रुद्र अकरा आणि सूर्य बारा. असे शब्द क्रमाने सांगावयाचे आणि त्यांचे अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे, असा संकेत होता.

भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’ हा ग्रंथ रचला. वर्तुळाचा परीघ काढण्यासाठी व्यासाला 3927 ने गुणून 1250 ने भागावे, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. हा 1250 त्यांनी ‘खबाणसूर्य’ या एका शब्दात गुंफला. ख शून्य, बाण पाच, सूर्य बारा. उजवीकडून मांडले की 1250. शून्यासाठी गगन, अंबर, व्योम असे पुष्कळ शब्द होते. पण जेथे एकाच लघु अक्षराची जागा उरे, तेथे ‘ख’ उपयोगी पडे.

हे अक्षर लहान खरे. पण ते गळले तर काय होईल? ‘बाणसूर्य’ म्हणजे 125. मग एक हात व्यासाच्या चाकाचा परीघ सव्वातीन हातांहून कमी येण्याऐवजी एकतीस हातांवर जाईल! मात्र अक्षर गळताच श्लोकाची चाल अडखळते व म्हणणारा सावध होतो. आकडा चुकला तर डोळ्यांना चटकन कळत नाही. वृत्त मोडले तर कानाला लगेच कळते. अशा रीतीने शब्दांचा हा खेळ ज्ञानाची राखण करीत असे.

चाळीसगावजवळील पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापन केल्याचे त्यात नमूद आहे. असे श्लोक पाठ करूनच पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी गणित शिकले.

आता कोणी ‘खबाणरुद्र’ असा शब्द घातला, तर त्यातून कोणती संख्या निघेल? ज्याला ती काढता येईल, त्याला ‘लीलावती’चे साल पुन्हा कधी पाठ करावे लागणार नाही.