कोहो मासे आणि मातीची गाळणी

शरद ऋतूत कोहो जातीचे सॅमन मासे पॅसिफिक महासागरातून आपल्या जन्माच्या ओढ्यांकडे परततात. तिथे अंडी घालायची आणि मग मरायचे, हा त्यांचा जीवनक्रम. अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिअ‍ॅटल शहराने १९९० च्या दशकात आपले ओढे सुधारायला घेतले. काठांवर झाडे लावली, माशांच्या वाटेतले अडथळे काढले. कोहो परत आले, पण मोठा पाऊस झाला की हेच धडधाकट मासे पाण्याच्या वरच्या थरात गोल गोल फिरू लागत, तोंड वासत, कुशीवर कलंडत आणि काही तासांत मरत. मेलेल्या माद्यांच्या पोटात अंडी जशीच्या तशी असत. लाँगफेलो ओढ्यात तर काही वर्षी निम्म्याहून अधिक माद्या अशाच गेल्या.

पाण्याचे तापमान, प्राणवायू, रोग, कीटकनाशके असे एकेक संशयित तपासून बाद झाले. संशोधकांनी धातू आणि इंधन-तेलातील रसायने यांचे मिश्रण करून त्यात मासे सोडले, ते जगले. मग सुक्वामिश या मूलनिवासी जमातीच्या मत्स्यबीज केंद्रात महामार्गावरून वाहून आलेले खरे पावसाचे पाणी आणले. त्यात कोहो मेले. तेच पाणी वाळू, कंपोस्ट आणि झाडांच्या सालीचा भुगा भरलेल्या पिंपांतून झिरपवले, तेव्हा मात्र एकही लक्षण दिसले नाही. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले.

मारेकऱ्याचा छडा लागायला आणखी पाच वर्षे गेली. झिजलेल्या टायरच्या भुकटीतून पाण्यात उतरणारी सुमारे दोन हजार रसायने चाळून झेन्यू तिआन, एडवर्ड कोलोजे, जेनिफर मॅकिंटायर आणि त्यांचे सहकारी एकाच संयुगापर्यंत पोहोचले. त्यांचा शोधनिबंध डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. रबराला ओझोनमुळे तडे जाऊ नयेत म्हणून टायरमध्ये ६-पीपीडी हे रसायन घालतात. ओझोनशी त्याचा संयोग होऊन ६-पीपीडी-क्विनोन तयार होते. लिटरभर पाण्यात मायक्रोग्रॅमचा दहावा हिस्सा एवढे क्विनोन असले, तरी निम्मे कोहो दगावतात. मूळ ६-पीपीडी जगभरच्या टायरांत वापरतात.

या कहाणीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा धडा असा, की विषाचे नाव कळण्याआधीच उतारा हाती आला होता. रस्त्यावरच्या पाण्यात काय काय आहे याची यादी कधीच पुरी होणार नाही. ब्रेकमधले तांबे, इंजिनातून गळलेले तेल, जनावरांची विष्ठा, प्लॅस्टिकचा चुरा हे सारे त्यात असते. माती यातल्या पुष्कळशा घटकांना एकाच वेळी अडवते. वाळूत कण अडकतात, सेंद्रिय द्रव्याला तेलकट रसायने चिकटतात, सूक्ष्मजीव त्यांतली काही मोडून टाकतात आणि मुळांमुळे माती भुसभुशीत राहते.

शहरांनी मात्र शतकभर उलटेच केले. पडलेले पाणी शक्य तितक्या लवकर गटारात आणि गटारातून नदीत, ही अभियंत्यांची शिस्त. अमेरिकेचा १९७२ चा स्वच्छ जल कायदाही आधी कारखाने आणि सांडपाण्याच्या नळांवर रोखलेला होता. शहरी पावसाचे पाणी परवान्यांच्या चौकटीत आले ते १९८७ च्या दुरुस्तीने.

सिअ‍ॅटलमध्येच या शिस्तीला २००१ साली एका गल्लीने छेद दिला. सेकंड अ‍ॅव्हेन्यू नॉर्थवेस्टचा एक तुकडा महापालिकेने उकरला, सरळ रस्ता अरुंद आणि नागमोडी केला आणि दोन्ही कडांना उथळ, झाडाझुडपांचे चर काढले. पाणी चरांत थांबते आणि मुरते. मोजणी केली तेव्हा गल्लीतून वाहून जाणारे पाणी सुमारे ९९ टक्क्यांनी घटले होते.

मुंबईच्या पावसापुढे हे टिकेल का, ही शंका रास्त आहे. सिअ‍ॅटलमध्ये वर्षभरात साधारण जेवढा पाऊस पडतो, तेवढा, म्हणजे ९४४ मिलिमीटर, सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात कोसळला. असा पाऊस कुठलाही चर पेलणार नाही. त्यासाठी रुंद नाले आणि उदंचन केंद्रे लागणारच. पण उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली घाण धुऊन नेतात त्या मोसमाच्या पहिल्या सरी, आणि तेवढे पाणी मातीत जिरवता येते. सांडपाणी नाल्यात सोडणे थांबवणे, हे त्याआधीचे आणि वेगळे काम. त्याला पर्याय नाही.

आपल्या नद्यांत कोहो नाहीत. पण टायर आपल्याकडेही झिजतात आणि त्यांची भुकटी मिठी नदीतून माहीमच्या खाडीत जाते. तरीही प्रत्येक काँक्रीटीकरणात आपण रस्त्याची कड पेव्हर ब्लॉकने बुजवतो, झाडांच्या बुंध्यापर्यंत. रस्ता नव्याने बांधताना एका बाजूची पट्टी मातीची राखावी, पाण्याचा उतार तिच्याकडे द्यावा आणि दर उन्हाळ्यात तिच्यावरचा गाळ काढण्यासाठी निविदेतच तरतूद करावी. नालेसफाईला दरवर्षी पैसे मोजणाऱ्या शहरांना हे परवडणारे आहे, आणि त्यासाठी आणखी एका विषाचे नाव कळेपर्यंत थांबण्याची गरज नाही.